लाल शिक्का

आर्णीत माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. इतक्या वर्षांत माझा एक तोरा झाला होता: आपण रिपोर्ट द्यायचा, बाकी डॉक्टर बघून घेतील. पॉझिटिव्ह आलं की लाल शाईचा शिक्का मी जरा जोरातच मारायचो.

जवळच्या तांड्यावरची एक मावशी पाय सुजला म्हणून आली. हत्तीरोगाची अँटिबॉडी तपासणी पॉझिटिव्ह निघाली. सरकारी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिनं त्या न चुकता घेतल्या. पुढची दोन वर्षं ऊसतोडीहून परतली की ती आपणहून यायची, बोट पुढं करायची आणि विचारायची, "भाऊ, किडा मेला का?"

दोन्ही वेळा मी शिक्का मारला. "पॉझिटिव्ह हाय, मावशी," एवढंच बोललो.

यंदा ती आली तेव्हा सूनही सोबत होती, कडेवर दोन वर्षांचं लेकरू. सून सरळ माझ्यावरच घसरली. "भाऊ, माही सासू लेकराले हातच लावत नाही. ताट वेगळं, बाज वेगळी. म्हणते, माह्या अंगात किडा हाय, त्याले लागन."

तपासणीच्या प्रत्येक डब्यात एक माहितीपत्रक येतं. ते मी आजवर चहाच्या ग्लासाखाली घालत आलो होतो. त्या दिवशी वाचलं. हत्तीरोगाचा जंत मेला तरी त्याच्याशी लढायला शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडी रक्तात बराच काळ राहू शकतात. नुसत्या या तपासणीवरून आजार आजही आहे असं धरू नये. बारीक अक्षरात, पण स्पष्ट लिहिलं होतं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जंताचाच अंश शोधणारी दुसरी तपासणी करून घेतली. ती निगेटिव्ह आली. "आणि जंत असता तरी शिवल्यानं थोडाच लागतो? डासामुळं पसरतो तो," ते माझ्यावर चिडून म्हणाले.

मावशीला बोलावून मी सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. मला फार लाज वाटत होती. वाटलं, आता शिव्या पडतील. तिनं रेशनकार्डाच्या पिशवीतून जुने तिन्ही रिपोर्ट काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि नातवाकडं हात पसरले. लेकरू आईच्या पदरामागं लपलं.

"नाही येत थो," मावशी म्हणाली. "मीच त्याले दूर सर, दूर सर म्हणून शिकवलं, भाऊ."