ताईंच्या हातची काकडीची कोशिंबीर

“ब्लड कल्चरमध्ये साल्मोनेला आला आहे,” डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. ब्लड कल्चर म्हणजे रक्तात जंतू वाढतात का, हे पाहण्याची तपासणी. “घरी काय खाल्लं होतं त्यांनी?”

शेजारच्या खुर्चीवरून सुमनताईंनी माझा हात हलवला. “काय म्हणतायत गं, वीणा?”

सुमनताई म्हणजे माझ्या नवऱ्याची, सुधीरची, थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच आपली एक किडनी सुधीरला दिली. त्या सांगलीहून चेन्नईला भावाला बघायला आल्या होत्या. एका संध्याकाळी मी ऑफिसातून अण्णा नगरच्या घरी पोचले, तेव्हा चिकनचा रस्सा, भाकरी आणि काकडीची कोशिंबीर, सगळं टेबलावर मांडलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सुधीरला थंडी वाजून ताप भरला. जुलाब थांबेनात. सुरुवातीला ताई म्हणाल्या, उन्हामुळे असेल, आणि तोही तेच म्हणाला. मी तरीही त्याला हॉस्पिटलात आणलं. ऐकत बसले असते तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

“चिकन कशावर कापलंत?” मी ताईंना विचारलं.

“तुझ्या त्या पांढऱ्या बोर्डावर. मग पाण्याने धुतला आणि काकडी चिरली. का?”

मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. “क्रॉस कंटॅमिनेशन. कच्च्या चिकनवरचे जंतू काकडीवर गेले. रस्सा उकळला, त्यातले मेले. काकडी शिजवलीच नाही. नुसत्या पाण्याने बोर्ड स्वच्छ होत नाही, मॅडम.”

मी ते ताईंना मराठीत सांगितलं. “आम्हीही तेच खाल्लं ना!” त्या म्हणाल्या.

हे वाक्य मी पुढे फोनवर प्रत्येक नातेवाइकाकडून ऐकलं. प्रत्येकाला तेच समजावलं. सुधीर इम्युनोसप्रेसंट घेतो. दुसऱ्याची किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं. तुमच्याआमच्या पोटात जे निभावून जातं, ते त्याच्या रक्तापर्यंत पोचतं. लोक हं हं म्हणायचे आणि शेवटी विचारायचे, “पण बाहेरचं काही खाल्लं नव्हतं ना?”

शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं. क्रिएटिनिन वाढत होतं. हा आकडा वाढला की समजायचं, किडनी थकते आहे. मी वेटिंग रूममध्ये रिपोर्टची वाट बघत बसायची आणि शेजारी ताई जप करत असायच्या. सुधीर मात्र मला म्हणायचा, “ताईला काही बोलू नकोस. खचेल ती.”

मला संताप यायचा. त्याचाही आणि ताईंचाही. ज्या बाईने किडनी दिली तिला बोर्ड साबणाने धुवा म्हणायचं कसं, आणि म्हणायचं नाही तर त्याला जगवायचं कसं?

सुधीर घरी आला त्या सकाळी ताईंनी सूपसाठी चिकन आणलं आणि नळाखाली धरलं. पाणी उडून ओट्यावर, बाजूच्या धुतलेल्या पेल्यांवर पडत होतं.

“ताई, नळ बंद करा. चिकन धुवायचं नसतं, जंतू सगळीकडे उडतात. शिजलं की मरतात.”

“मी माझी किडनी दिली त्याला. मी त्याचं वाईट करीन?”

“तुमचीच किडनी जाता जाता राहिली, ताई. तुमच्या त्या कोशिंबिरीमुळे.”

मला हे इतकं कडू बोलायचं नव्हतं. आतून सुधीरचा आवाज आला. “ताई, खरं आहे ते. मीच तिला गप्प बसवलं होतं.”

ताईंनी नळ बंद केला. मग ओटा आणि पेले साबणाने धुतले, हातही धुतले. सूप खळखळा उकळलं. मग आम्ही तिघं जेवायला बसलो.

घरात कुणी किडनीचा, केमोचा रुग्ण, गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल, तर माझं एवढं ऐका. कच्च्या मांसाचा बोर्ड आणि सुरी वेगळी ठेवा. कोशिंबीर आधी करून झाकून फ्रिजमध्ये ठेवा, चिकनला नंतर हात लावा. आपल्या इथल्या उकाड्यात उरलेलं अन्न टेबलावर ठेवू नका, लगेच आत टाका. आणि पाहुणा कितीही जवळचा असो, पहिल्याच दिवशी सांगा.

क्रिएटिनिन उतरलं, पण पूर्वीच्या आकड्यावर आलं नाही. डॉक्टर म्हणतात, एवढ्यावर निभावलं हे नशीब. मी त्यांची ऋणी आहे, ताईंची तर जन्माची. राग मात्र अजून पुरता गेलेला नाही. परवा ताईंचा फोन आला. सांगलीत जावेशी भांडण झालं होतं. “बोर्ड धुवायला सांगितला,” त्या म्हणाल्या, “तर मला म्हणते, फार शहाणी झालीस!”