इथं कुणी झोपलेलं नाही

“हिच्याशी हळू बोला हं. ही डोक्याच्या मॅडमकडे जाते.”

गणिताच्या बाई असं सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. वर्ग खदाखदा हसला. मी फळ्यासमोर उभी. हातात खडू. उत्तर येत होतं. आवाज फुटत नव्हता.

“वस्तीतल्या मुलांचं हे असंच. घरी कुणी बोलायला शिकवत नाही.”

खरंच नव्हतं शिकवलं. रहाटणीत आमची एकच खोली. पप्पा चाकणला कंपनीत, कायम थर्ड शिफ्ट. सकाळी येऊन झोपायचे. शिट्टीनं झोपमोड होईल म्हणून आई कुकर लावायची नाही, भात पातेल्यातच शिजायचा. मी कुजबुजतच वाढले. रडू आलं की उशीत तोंड खुपसायचं. शेजारणी आईला म्हणायच्या, “पोरगी लई गुणाची, आवाज म्हणून न्हाई.” आई खूश. नववीत माझी छाती आवळायला लागली, डबा तसाच परत यायला लागला. तरी घरात कुणाला काही कळलं नाही. गप्प पोरीला काय झालंय, कोण विचारणार?

शाळेत दर शुक्रवारी समुपदेशक ताई यायच्या, जिन्याखालच्या खोलीत. कितीतरी शुक्रवार मी तिथं नुसती बसले. त्यांनी घाई केली नाही. रंग आणि कागद पुढं ठेवायच्या, बस. एकदा मी कुजबुजले, “मला कुणीच नाही.”

त्या म्हणाल्या, “मोठ्यानं बोल गं. इथं कुणी झोपलेलं नाही.”

मी भोकाड पसरलं. तो आवाज माझा आहे हे मलाच खरं वाटेना. ताईंनी गप्प केलं नाही. मग हळूहळू बोलायला लागले. छाती आवळली की श्वास कसा सोडायचा ते शिकले. भीती वाटते तर भीती वाटते म्हणायचं, हेही शिकले. डबा संपायला लागला.

आणि आता हे हसू. लाजून ताईंकडे जाणं बंद केलं असतं, तर मी परत उशीत गेले असते.

“बस खाली. तुझ्यानं नाही होणार,” बाई म्हणाल्या.

मी बसले नाही.

“हो, जाते मी ताईंकडे. या शुक्रवारीपण जाणार. कुणीही हसा.”

आवाज कापत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. मग मी गणित मोठ्यानं बोलत सोडवलं.

त्या दिवसापासून माझ्या बाकावर कुणी बसत नाही. डबा एकटीच खाते. वाईट वाटतं, रोज वाटतं.

पप्पा झोपले की आजही मी हळू बोलते. ते रात्रभर राबून आलेले असतात. बाकी कुणाची झोप मोडली तर मोडू दे.