सांभाळणारीचं नाव

माझा मावसभाऊ ज्या कामाचा पगार घेतो तेच काम मी फुकट करते, आणि हे मला अजून गिळवत नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं.

काम असं. जगभरच्या यंत्रांमध्ये चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिचा कोड सगळ्यांना उघडा आहे. कुणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून ईमेलनं सगळ्यांसमोर पाठवावी. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात आणि ज्या सामायिक ईमेल-यादीवर ती जाते तिला लिस्ट. आम्ही दोघं तिच्या नेटवर्कच्या भागावर काम करतो. तो बंगळुरूला एका मोठ्या कंपनीत एसीत बसून. मी पेणला, रविवारी, दुपारची भांडी आवरल्यावर जेवणाच्या टेबलावर. बाकीचे दिवस रोह्याच्या एका कारखान्यात जातात, तिथल्या कॉम्प्युटरांची जबाबदारी माझ्याकडे आहे. रविवारी चहा ठेवताना नवरा विचारतो, "झाल्या का लष्कराच्या भाकऱ्या भाजून?"

लिस्टवर ईमेलच्या पत्त्यावरून माणूस ओळखतात, आपल्याकडे आडनावावरून गाव ओळखतात तसं. त्याच्या पत्त्यात कंपनीचं नाव. माझा पत्ता फुकटातला. त्याला कुणी शंका विचारली की तासाभरात उत्तर हजर, कारण उत्तर देणं हीच त्याची नोकरी. मला सोमवारी विचारलेल्या शंकेचं उत्तर मी रविवारी देणार, तोवर विचारणारा स्वतःच विसरलेला. शिवाय तिथे एक रीत आहे. नुसते आपले पॅच पाठवायचे नाहीत, दुसऱ्यांचेही तपासून द्यायचे. जो तपासतो त्याचा मान वाढतो. त्याच्या कंपनीनं तपासायलाही वेळ दिलाय. माझ्या एका रविवारात स्वतःचं लिहू की परक्याचं तपासू? वर्षातून एकदा त्याला परदेशात परिषदेला नेतात. तिथले फोटो मावशी मला फोनवर पाठवते. मी "छान" असं लिहिते आणि फोन पालथा ठेवते.

आणि याला पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडून दाखवला कोणी? मे महिन्यात आमच्याकडे पेणला राहायला यायचा तेव्हा मीच की!

मला त्या सगळ्या पसाऱ्यातून एकच गोष्ट हवी होती. आमच्या कारखान्यात टाकीचं तापमान सांभाळणारं एक जुनं यंत्र आहे. त्याचं नेटवर्क कार्ड बोर्डालाच जोडलेलं, बदलता येत नाही. ते कार्ड सिस्टिमशी ज्या छोट्याशा प्रोग्रॅममुळे बोलतं, तो त्याचा ड्रायव्हर. या ड्रायव्हरला कुणी वाली नव्हता. कुठला भाग कोण सांभाळतं याची नावं सिस्टिमच्या एका फाइलमध्ये असतात, तिथे त्याच्यापुढची जागा रिकामी होती. त्या जागी मला माझं नाव हवं होतं. पगार नको, विमानाचं तिकीट नको. हे काम हिचं, एवढं जगानं म्हणावं.

त्यासाठी मी पावसाळाभर रविवारी तो ड्रायव्हर साफ केला. शेवटचा हात फिरवायला गणपतीची सुट्टी धरली. पेणमध्ये गणपतीला कुणाच्याच घरात पाय ठेवायला जागा नसते. एका खोलीत पाहुणे, दुसऱ्या खोलीत त्यांची मुलं; मी उकडीच्या हातांनी मधूनच उठून दोन ओळी लिहायची. अखेर पॅच पाठवले. लगेच उत्तर आलं: सध्या दार बंद आहे, उघडल्यावर पुन्हा पाठवा. सिस्टिमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी पंधरा दिवस नेटवर्कवाले नवीन काम घेत नाहीत. हा नियम मला तोंडपाठ होता. पण मी माझी सुट्टी कधी आहे ते पाहिलं, दार कधी उघडं आहे ते पाहिलंच नाही. पगारी माणूस ही चूक करत नाही. त्याला कामासाठी सुट्टी काढावी लागत नाही ना!

दार उघडलं तेव्हा माझी सुट्टी संपलेली आणि कारखान्यात दुरुस्तीसाठी सगळं बंद करून उघडून ठेवलेलं. घरी आले की अंग टाकायचे, पॅच पुन्हा पाठवणं राहूनच गेलं. नेमका त्या आठवड्यात मावसभावाचा पॅच आला. वर्षानुवर्षं हात न लागलेले जुने ड्रायव्हर काढून टाकावेत, असा. त्यात माझाही होता. "हे कोणी वापरत असल्याचं दिसत नाही," असं त्यानं वर लिहिलं होतं. माझं काम बंद दाराबाहेर पडलेलं, त्यामुळे त्याच्या नजरेला ते आलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मस्तकात तिडीक गेली. कोणी नाही म्हणजे? मी कोण? मी तडक फोन लावला.

"ताई, अगं मला काय माहीत तुमच्याकडे ते कार्ड आहे!" तो हसला. "लिस्टवर लिही ना, तू वापरतेस म्हणून."

लिहिलं. यंत्र रोज चालतं, ड्रायव्हर मी साफ केलाय, पॅच सोबत पाठवतेय, पुढे सांभाळायलाही मी तयार आहे. नेटवर्कच्या भागाचा प्रमुख परदेशात कुठेतरी राहतो. त्यानं एवढंच विचारलं, "वेळच्या वेळी उत्तर द्यायला जमेल का?" प्रश्न रास्त होता, म्हणूनच झोंबला. मी "जमेल" लिहिलं. पॅच तपासणाऱ्या यंत्रानं माझं काम पास केलं, पण माणसांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. रोह्याहून घरी येताना फोनला रेंज आली की मी लिस्ट उघडायची. काही नसायचं.

मग मावसभावाची ओळ आली, सगळ्यांसमोर, कंपनीच्या पत्त्यावरून. "या ड्रायव्हरपुरता मी माझा पॅच मागे घेतो. यांना मी ओळखतो, काम चोख करतात." त्याच संध्याकाळी प्रमुखानं माझे पॅच घेतले आणि रिकाम्या जागी माझं नाव लागलं. नवऱ्यानं श्रीखंड आणलं. मी दोन चमचे खाल्लं आणि वाटी सरकवली. पावसाळाभर केलेल्या कामानं जे झालं नाही ते याच्या एका ओळीनं झालं असेल, तर त्या जागेवर नाव नक्की कोणाचं?

भाऊबीजेला रोह्याला मावशीकडे गेले. तोही आला होता. मावशीच्या कानावर सगळं गेलेलंच. पाट मांडता मांडता ती म्हणाली, "बघ गो, भावानं शब्द टाकला नि काम झालं तुझं. नाय तर कोण विचारतंय?"

"आई, तसं नाय गं. ताईचे पॅच चांगलेच होते," तो म्हणाला.

"तू वाचलेस?" मी विचारलं.

तो जरा गडबडला. "अगं, त्या आठवड्यात वेळच नव्हता. पण तू लिहिलेस म्हणजे चांगलेच असणार."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हेच तर वाईट. भांडायचीही सोय राहिली नाही. मी कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं ताटात पाकीट ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. "औक्षवंत हो," मी म्हणाले, आणि तेही मनापासून. पण माझा जीव आत नुसता जळत होता. त्याच्या एकेका पॅचची ओळ न् ओळ मी वाचते, कुठेतरी चूक सापडावी म्हणून वाचते. आणि माझे त्यानं उघडूनसुद्धा पाहिले नव्हते.