दाराकडं तोंड केलेल्या चपला

लातुरात मी टिकले ती आत्यांमुळं. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर बाकीचं सांगण्याच्या नादात त्यांचं नाव मागं पडायचं. नात्यानं त्या माझ्या कुणी नव्हत्या. आम्ही काम करायचो त्या संस्थेत साहेबांपासून शिपायापर्यंत सगळेच त्यांना आत्या म्हणत. कुठंही गेल्या की चपला काढायच्या, वाकून त्यांची तोंडं दाराकडं करायच्या आणि मगच आत यायच्या. त्या किल्लारीकडच्या. भूकंपात अनवाणी दगडांवरून पळालेलं माणूस असंच करणार, असं मी धरून चालले होते. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तसं बी हाय. पर काम आलं की उठून चालाय लागाय पायजे, ते बी हाय."

काम हाच आम्हा दोघींचा घोर होता. भूकंपानंतर वसवलेल्या गावांत बायकांशी बोलायचं, त्यांच्या अडचणी साहेबांना सांगायच्या, हे आमचं काम. कागदोपत्री आम्ही 'कन्सल्टंट'. म्हणजे प्रोजेक्ट असला तर पगार, संपला की नमस्कार. मी किनवटकडची, नववीतच आश्रमशाळा सोडलेली. बायका माझ्याजवळ मोकळ्या होतात, एवढ्यावरच मला घेतलं होतं. पहिला प्रोजेक्ट संपला तसं मी गावी जायला पिशवी भरली. आत्यांनी ती माझ्या हातातून काढून खुंटीला अडकवली. "रिकामी गेलीस की बाप उजवून टाकंल तुला. मग कशाचा प्रोजेक्ट अन् कशाचं काय." खोटं नव्हतं. घरी स्थळ बघून ठेवलं होतं. 'काम चालू आहे' हे एकच उत्तर माझ्याजवळ होतं, आणि आता तेही राहिलं नव्हतं.

मग त्यांनी मला कोचिंगच्या गल्लीत, बारावीच्या पोरींच्या खोलीत एक कॉट मिळवून दिली. गल्लीत घरटी एक क्लास आणि प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्यांचे फोटो. पोरी पहाटे गजर लावून उठायच्या. आत्यांचा हुकूम असा, की पोरी उठल्या की मीही उठायचं. त्या आंघोळीला गेल्या की त्यांच्यामागून आंघोळ, त्या क्लासला निघाल्या की इस्त्रीची साडी नेसून मी संस्थेत. "तुझं टाइमटेबल न्हाई ना, मग दुसऱ्याचं वापर. रिकामं मानूस आधी उशिरा उठतं, मग केस इचरत न्हाई, मग मानसात येत न्हाई." नव्या कामाची वाट बघत संस्थेच्या व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघी बसून राहायचो. साहेब येता-जाता मान हलवायचे. शिपाई म्हणायचा, आत्या, बाकाला तुमची सवय लागली, आता दुसऱ्याला बसू देत नाही. आत्या हसायच्या. मला हसू यायचं नाही. पोरींच्या अभ्यासाला शेवटी परीक्षा तरी होती. माझ्या पहाटे उठण्याला पुढं काहीच नव्हतं.

आठवड्यातून एकदा त्या मला जीपनं जुन्या प्रोजेक्टच्या गावात न्यायच्या. काम नसताना कशाला, असं मी कुरकुरले की म्हणायच्या, "काम असताना आपण इचारतो. काम नसताना मानूस सांगतंय." ते मला सुंदरबाईच्या दारात पटलं. नवीन घरात राहता का, असं आम्ही प्रोजेक्टमध्ये घरोघरी विचारलं होतं आणि सगळ्यांनी हाव म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी काही न विचारता शेंगा फोडत बसलो, तर ऊन उतरल्यावर सुंदरबाईनं घराला बाहेरून कुलूप घातलं आणि पुढच्या पत्र्याच्या शेडात चूल पेटवली. आत कडबा अन् धान्य. झोपायचं शेडातच, सासू-सुना-लेकरं सगळी. घरात सामान असलं म्हणजे राहणंच की, अशी त्यांची समजूत. झोपता कुठं, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. आत्या म्हणाल्या, "स्लॅबखाली झोप लागत न्हाई व्हय गं?" सुंदरबाई म्हणाली, "तुमाला लागती का?" आत्यांनी पदरातली टरफलं झाडली आणि चपला पायात घातल्या.

त्यांनी हे साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तो प्रोजेक्ट आता बंद झाला म्हणाले. आम्ही पुन्हा बाकावर.

परीक्षा संपून पोरी गावोगाव पांगल्या. गजर वाजायचा थांबला, तरी मी उठतच होते. त्याच सुमारास नवीन काम आलं. जागा एकच, अन् तीही समाजकार्याची पदवी असलेल्यांसाठी. जुनं माणूस म्हणून साहेब एकीपुरती अट सोडायला तयार झाले. बोलावणं आत्यांना आलं. मी व्हरांड्यातूनच ऐकलं. आत्या सांगत होत्या, "पोरीला घ्या साहेब. माझे गुडघे गेले आता." आदल्याच आठवड्यात त्या जीपच्या फळीवरून माझ्याआधी उतरल्या होत्या.

त्या नांदेडला गेल्या, विष्णुपुरीच्या रस्त्यावर कोचिंगच्या मुलींच्या एका होस्टेलात रेक्टर म्हणून. माझं लग्न टळलं. एकामागून एक छोटी कामं मिळत गेली. मधल्या रिकाम्या महिन्यांत मी पहाटे उठत राहिले.

मागच्या महिन्यात त्यांना भेटून आले. नजर अधू झाली आहे, आणि आता खरंच गुडघे गेले आहेत. रेक्टर दुसरी आली. मालकानं जिन्याखालची खोली तेवढी राहू दिली. जिन्यावर पोरींची धावपळ चालली की डोक्यावरचा स्लॅब धडधडतो. आत्या मान वर करत नाहीत. चपला कॉटखाली ढकललेल्या होत्या, टाचा दाराकडं. निघताना मी त्या ओढून सरळ करायला लागले.

"ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या. "आता कुटं जायचंय."

तरी मी त्यांची तोंडं दाराकडं करूनच निघाले. सध्या मीही रिकामीच आहे. सगळीकडं पदवी मागतात, आणि माझी नववी काही पुढं सरकत नाही. तरी आत्या, दोन जागांचं काम मी एकदा मिळवीन. त्यात पहिलं नाव तुमचं घालीन आणि जीप घेऊन तुम्हाला न्यायला येईन.