कुंपणातून काढलेले फिन

पहिल्या परीक्षेत बुडणाऱ्या माणसानंच मला वाचवलं.

झालं असं. मानोऱ्याच्या अलीकडं, आमच्या गावाला लागून तलाव आहे. त्यात कोणी बुडालं की वाशीमहून पथक येईस्तोवर आम्ही काठावर उभं राहून नुसत्या हाका मारतो. म्हणून तालुक्यात पोहणाऱ्यांचं बचाव पथक निघालं तेव्हा मी लगेच नाव दिलं. परीक्षा एकच. पथकाचे उस्ताद तलावाच्या मधोमध बुडण्याचं सोंग करणार, आपण पायात फिन घालून जायचं आणि त्यांना ओढत काठाला आणायचं. फिन म्हणजे स्कुबावाले घालतात ते, बदकाच्या पंजासारखे. पथकाकडच्या एकाही जोडात माझा पाय शिरेना. ढेकळं तुडवून तुडवून पंजा फावड्यासारखा झालेला.

"मंग सोताचे बनवून आन," उस्ताद म्हणाले.

बनवले. माझं डोकं असं चाललं की जितकं कडक तितका जोर. फवारणीच्या पाण्याचा निळा ड्रम कापला आणि त्याची दोन जाड पानं पावसाळी बुटांना नटबोल्टनं आवळली. पाण्यात उतरलो तर पायांना दोन दरवाजे बांधल्यासारखं वाटलं. पान काही वाकेना. वाकत होता तो माझा घोटा. उस्तादांपर्यंत कसाबसा पोचलो आणि पोटरीत असा गोळा आला की मी त्यांच्याच गळ्यात पडलो. त्यांनी सोंग सोडलं आणि मला काखेत धरून काठावर आणून टाकलं.

"भाऊ, बुडायची पाळी माही होती ना?" ते धापा टाकत म्हणाले. "पुढच्या रविवारी ये. तवाही नाही जमलं, त काठावरून हाका मार."

हाकाच तर मारायच्या नव्हत्या. घरी येऊन ट्रॅक्टरच्या फुटक्या ट्यूबचं रबर कापून त्याच बुटांना जोडलं. हे मऊ होतं, पोटरी खूश. पण तलावात पाय मारला की ते ओल्या गोणपाटासारखं लोळायचं आणि लोळलेलंच राहायचं. मी जागच्या जागी. काठावर धुणं धूत असलेल्या बायकोला हसू आवरेना.

"काहून जी, ताक घुसळून राह्यले का?"

दुसऱ्या दिवशी वावरात गेलो. हरभऱ्यावर रोही, म्हणजे नीलगायी, पडतात, म्हणून चहूकडून विजेचा झटका देणाऱ्या मशीनची तार ओढलेली, फायबरच्या बारीक काठ्यांवर. मशीन बंद करून एका काठीला टेकत मोबाईल पाहायला गेलो. काठी कमानीसारखी वाकली, मी धुऱ्याच्या बांधावर आडवा झालो, आणि सुटलेल्या काठीनं जाता जाता माझ्या नडगीवर सणसणीत फटका दिला. पुन्हा सरळ उभी, जसं काही झालंच नाही.

नडगी चोळता चोळता उजेड पडला. पायाचा जोर पानानं आधी वाकून साठवायचा आणि मग सुटताना पाण्यावर मारायचा. ड्रमला वाकणं येत नव्हतं आणि ट्यूबला परतणं.

तिथल्या तिथं काठ्या उपसल्या. दोन रबरांच्या मधे घालून सुतळीनं शिवल्या. रबर टोकाकडं छाटून पातळ केलं. आधी एकेका फिनला तीन काठ्या घातल्या, तर पोटरीनं पुन्हा ड्रमची आठवण काढली. एक कमी केली. गार पाण्यात रोज सकाळी दात वाजवत उतरलो, उसवलं, शिवलं, परत उतरलो.

रविवारी पाय मारला आणि पाण्यानं मला मागून ढकललं. खरंच, ढकललं! उस्ताद प्रेतासारखे जड झाले होते, मुद्दाम. तरी त्यांची हनुवटी पाण्यावर ठेवून ओढत आणलं. काठ लागला तेव्हा पोटरी दुखत होती, पण माझ्या ताब्यात होती.

काठावर बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"आले का? रोह्यानं अर्धा हरभरा खाल्ला. तार लोळून राह्यली जमिनीवर. काठ्या द्या इकडं."

उस्तादांनी आडव्या आडव्या एक डोळा उघडला. "वहिनी, याले पथकात घेतलं. त्या काठ्या आता पथकाच्या झाल्या."

"मंग पथकच उभं करा धुऱ्यावर."

त्याच दुपारी मी मानोऱ्यात दुकानासमोर उभा राहून फायबरची एकेक काठी वाकवून सोडत होतो. जी टणकन परतेल तीच बाजूला.

"भाऊ, कुंपन करता का धनुष्य?" दुकानदारानं विचारलं.

कुंपणाला लागतात त्याहून बऱ्याच जास्त काठ्या मी घेतल्या.