हा जॉइंट हिनं मारलाय

"हा जॉइंट हिनं मारलाय. आमच्या गावची मुलगी आहे, जरा सांभाळून घ्या."

दादा हसत हसत बोलला. कळंबच्या त्याच्या फार्महाउसवर शिकणारे आणि त्यांची माणसं मिळून पंचवीस-तीस पाहुणे उभे होते, मुंबई-पुण्याचे, गॉगलवाले. वेल्डिंगच्या क्लासचा शेवटचा रविवार होता. क्लासनं तयार केलेली जीप चिखलात रुतलेला टेंपो ओढून दाखवणार होती. दोर ताणला आणि जीपच्या मागचा हुक उपटून उडाला. एका बाईच्या डोक्यावरून हातभर अंतरानं गेला आणि शेडच्या पत्र्यावर आदळला. बाई मटकन खाली बसली. तेव्हा दादानं माझ्याकडं बोट केलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "असली कामं ह्यांच्या हातात द्यायचीच कशाला."

ह्यांच्या. आमचं घर बौद्धवाडीत आहे. हा शब्द कुठून येतो आणि कुठं लागतो, ते मला नव्यानं सांगायला नको.

तो जॉइंट मी मारला नव्हता. त्या क्लासमध्ये सहा रविवारांत मी एकही जॉइंट मारला नव्हता.

मी रिसॉर्टवर खोल्या आवरायचे. चादरी बदलायच्या, मोरीतून लोकांचे केस काढायचे. चौकला माझी आत्या राहते, तिच्या दारासमोर चाचांचं गॅरेज. तिथं गाड्यांचे बंपर, कॅरियर, खालचा सांगाडा म्हणजे चेसिस, सगळ्याचं वेल्डिंग चालतं. आत्याकडं गेले की मी तासन्‌तास तिथं उभी. एकदा चाचा म्हणाले, "नुसती बगून काय व्हनार गं? कुटंतरी बेसिक शिकून ये. तुज्या हातचा जोडलेला एक तुकडा आनून दाकव. मी वाकवून बगीन. तुटला नाय तर चेसिसच्या कामावर उभी करीन."

एवढंच मला पाहिजे होतं. माझ्या हातचा एक तुकडा.

शिकायला दोन जागा होत्या. एक शिळफाट्याला. पत्र्याची शेड, खिडक्यांची ग्रिलं, एक म्हातारा मास्तर. मी चौकशीला गेले तर वर न बघताच खेकसला, "असली नायलॉनची ओढणी घेऊन ठिणग्यांत उभी ऱ्हानार? जा, सुती घालून ये." मला राग आला. मी तशीच परत आले.

दुसरी जागा दादाची. दादा म्हणजे गावातल्या मोठ्या घरचा मुलगा. पुण्याला इंजिनियर झाला, परत येऊन वडिलांच्या जमिनीवर फार्महाउस बांधलं आणि गाड्यांच्या कामाचा वेल्डिंग क्लास काढला. अगदी शून्यापासून शिकवणार म्हणे. रस्त्यावर बोर्ड लावला, गावातल्या एका मुलीला मोफत. त्यांच्याच शेतात आईनं वीस वर्षं भात लावलाय. तर हा दादा आमच्या घरी आला. ओट्यावर बसला. "मला सर नको म्हणूस, दादा म्हण," म्हणाला. आणि आईनं बिचकत पुढं केलेला चहा प्यायला. सगळा कप.

त्यांच्या घरातल्या कुणीही आमच्याकडं तोवर पाण्याचा घोट घेतला नव्हता. तो गेल्यावर आई कप हातात धरून बसून राहिली. शिळफाट्याचं नाव मी पुन्हा काढलं नाही. क्लास कसा निवडला म्हणाल, तर असा. त्या एका कपाला मी भुलले.

रिसॉर्टवर रविवारची सुट्टी मागितली. मॅनेजर म्हणाला, मग कायमची लाँड्रीत जा. गेले.

पहिल्या रविवारी बोर्डसाठी माझा फोटो काढला. डोक्यावर मास्क, हातात वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर, मशीन बंद. फोटो झाला आणि होल्डर काढून घेतला. मग दादा म्हणाला, "तू धर." शिकायला आलेले पाहुणे वेल्डिंग करणार, मी त्यांचे पाइप धरणार. मास्क सहा होते, शिकणारे सहा, मी सातवी. "डोळे मिटून धर," म्हणाला. मिटले तरी उजेड आत शिरतोच. त्या संध्याकाळी डोळे सुजले. आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या पापण्यांवर. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत वाफेपुढं उभी राहिले, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी. शिकले काहीच नाही आणि डोळे मात्र भाजून घेतले.

तिसऱ्या रविवारी विचारलं, "दादा, मला कदी देनार तुमी होल्डर?"

"अगं, ते लांबून येतात. तुला काय घाई? तू इथलीच."

मी ऐकून घेतलं. दादा आहे ना, देईल. पाइप धरले, जॉइंटवर थिजलेली जळकी खपली हातोडीनं झाडली, चहा केला. मात्र खपली झाडता झाडता डोळा तयार झाला. कुठला जॉइंट आतपर्यंत गेलाय आणि कुठला नुसता वर बसलाय, ते कळायला लागलं.

जीपचा तो हुक मारला एका निळ्या जॅकेटवाल्यानं. खपली मी काढली. वरून फुगलेला, आत भोकंच भोकं, एका कडेला तर लोखंडानं लोखंड धरलंच नव्हतं. मी दादाला बाजूला घेतलं. "दादा, ह्यात भोकं हायत. ह्यो सुटंल."

"ग्राइंडर फिरव, लांबी भर आणि रंग लाव. पाहुण्यांना वाईट वाटायला नको."

लांबी म्हणजे गाडीचा पोचा बुजवायची पुट्टी. ती मी भरली. माझ्या बोटांनी, गुळगुळीत. त्यावर काळा रंग मारला. हे पाप माझं आहे, ते मी कुणावर ढकलणार नाही.

म्हणूनच दादानं बोट केलं तेव्हा माझी जीभ उचलेना. मी निळ्या जॅकेटवाल्याकडं बघितलं. तो फोन बघत होता. गावरान जेवण म्हणून त्या दिवशी चुलीवर भाकऱ्या थापायला आईलाच बोलावलं होतं. ती पिठाच्या हातांनी धावत आली. माझा दंड धरून कानाशी बोलली, "चूक झाली म्हन गं. म्हन आन सोड. त्यांच्या जिवावर हाय आपलं."

मला आईचा राग आला नाही. ती काय भोगून आलीय ते मला माहीत आहे. पण चूक झाली म्हटलं असतं तर तो हुक माझ्याच नावावर लागला असता, आणि ती बाई मेली असती तर तेही. चाचांच्या गॅरेजची पायरी मला जन्मात चढता आली नसती.

मी मशीनपाशी गेले. चालू केलं. भंगारातला एक पट्टा घेतला, अर्थिंगचा चिमटा लावला, होल्डरला रॉड लावला. मास्क घेतला, कुणाचा ते विचारलं नाही. दादा म्हणाला, "ए, काय करतेस?" मी रॉड टेकवला. चिकटला. उपटला, परत टेकवला. परत चिकटला, लालबुंद होऊन वाकला. पाहुणे हसायला लागले. हसू दिलं. पोटभर हसू दिलं.

मग मास्क काढला.

"बगितलंत? मला रॉड पेटवताबी येत नाय. सहा रविवार हितं हाय, येकदाबी चालू होल्डर माज्या हातात दिला नाय. मंग ह्यो हुक मी कसा मारला?"

हसणं थांबलं.

"भोकं मी बगितली. ह्यांना सांगितली. ह्यांनी सांगितलं म्हनून लांबी मी भरली. तेवडा गुन्हा माजा. मारला कुनी ते त्या निळ्या जाकिटाला इचारा."

कुणी विचारलं नाही. खाली बसलेल्या बाईनं तेवढं माझ्याकडं बघितलं. दादा हळूच म्हणाला, "तुझ्या घरी आलो हीच माझी चूक." त्याला खरंच तसं वाटत होतं, ते तोंडावर दिसत होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

पुढं काही गोड झालं नाही. यंदा दादाच्या शेतात भातलावणीला आईला बोलावणं आलं नाही. ती माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही. बोर्डवर माझा फोटो अजून आहे, मास्क लावलेला, बंद होल्डर धरलेला. चाचांना दाखवायला माझ्याकडं तुकडा नाही.

शिळफाट्याला नाव घातलंय. मास्तर तसाच खेकसतो, पण होल्डर पहिल्या तासाला हातात दिला. मी मारलेले तुकडे तो पकडीत धरून माझ्याच हातानं वाकवायला लावतो. बरेचसे तुटतात. तुटू देत, ते माझे आहेत. एक दिवस एक टिकेल आणि मी चेसिसवर उभी राहीन. त्या दिवसापासून माझ्यासमोर कुणाच्याही जॉइंटमध्ये भोक निघालं, तर ते मी बुजवणार नाही. मालक सांगू दे, दादा सांगू दे, आई हात जोडू दे. मी तो जॉइंट कापणार. आणि मारणाऱ्याचं नाव त्याच्या तोंडासमोर, चारचौघांत घेणार.