आधी चप्पल दाखवा

चाचांच्या गॅरेजमध्ये गाडी नेली की ते गाडीकडे बघतच नसत, आधी आणणाऱ्याकडे बघत. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश, नाक्यावरच्या शिपायासारखं. पहिल्या दिवशी मी घाईघाईनं सांगू लागले, "चाचा, ब्रेक लागत नाहीत," तर म्हणाले, "आधी चप्पल दाखवा." मी हायस्कूलची मास्तरीण, भर रस्त्यात चप्पल काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी टाच दाबली, तळ उलटा करून पाहिला आणि परत दिली. "चप्पल बराबर हाय, पेडलवरून घसरायची न्हाई. आता बोला."

आखाडा बाळापुरात त्यांना सगळे शक्की चाचा म्हणत, अगदी तोंडावर. "गाडी खोटं बोलत न्हाई, गाडीवाला बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवा पार्ट खोक्यातून काढला की आधी हुंगत. चहा डोळ्यांदेखत गाळलेला असेल तरच पीत. मला हा माणूस पहिल्या भेटीत मुळीच आवडला नव्हता.

पण इलाज नव्हता. माझी गाडी हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, चांगलीच जुनी. आमच्या भागातले बाकीचे मेकॅनिक तिचं नाव काढलं की हात जोडत. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नांदेडला न्यावं लागे, म्हणून पुण्याच्या धाकट्या भावानं ती मला दिली होती. "ताई, ठणठणीत आहे, डोळे झाकून चालव." आणि एके दिवशी आई शेजारी बसलेली असताना पुलाच्या उतारावर लाल दिवा लागला, ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं. दोन्ही पाय देऊन गाडी उभी केली ती उसाच्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर. आई म्हणाली, "झोप लागली व्हती का गं तुला?" दुसऱ्या दिवशी ब्रेक शहाण्यासारखे लागत होते.

चपलेनंतर चाचांचा संशय पेडलखालच्या पायपुसण्यावर गेला, मग मागच्या लहान बॅटरीवर. बॅटरी बदलली, पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा लाल दिवा. मग एक तार बदलली. आठ दिवसांत पुन्हा तेच. आता मलाच शंका येऊ लागली. हा माणूस काही बदलतो तरी का? पुढच्या वेळी गाडी देण्याआधी मी दोन-चार नटांवर नेलपॉलिशचे बारीक ठिपके दिले, खोलले तर कळावं म्हणून. चाचांनी बॉनेट उघडलं आणि त्यांना ठिपके लगेच दिसले. मला वाटलं, आता गाडी बाहेर काढायला लावतील. पण ते चक्क हसले.

"आता तुमी खऱ्या ड्रायव्हर झाल्या, मॅडम. माझ्यावर बी शक करा. पन गाडी देनाऱ्या भावावर काहून न्हाई केला?"

"त्याचं नाव काढायचं नाही, चाचा," मी तडकून म्हणाले.

त्यांनी गाडी चालू करायला लावली. "ब्रेकला पाय लावू नका. नुसतं ऐका." पुढून कुठूनतरी घर्र आवाज आला आणि थांबला. चाचा बोटांच्या पेरांवर मोजू लागले. वीसही झाले नसतील, पुन्हा घर्र.

"पाय न्हाई, तरी पंप काहून बोलून राहिला? ब्रेकचा दाब आतल्या आत गळून राहिला. पंप दमला की पेडल दगड. पन एवढी तकलीफ असल्यावर गाडी बोंबलाया पायजे. आत भोंगा असतो. ही मुकी काहून?"

त्यांनी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. बराच वेळ आत चाचपत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांची नजर सीटवरच्या पाकिटावर होती. "राखी हाय ना ती? पोस्ट बंद व्हईल. आधी टाकून या."

मी परत आले तर गाडी ठणाणा करत होती. "काय होतं?"

"उंदरानं चिंध्या कोंबल्या व्हत्या."

एरवी काढलेला वायसरसुद्धा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवणाऱ्या चाचांनी त्या चिंध्या मात्र दाखवल्या नाहीत. मला ते खटकलं. पण भावावरचा आळ टळला, या आनंदात मी विचारलं नाही. "गाडी हितंच राहील. आईला जीपनं न्या," त्यांनी बजावलं. आठवड्याभरात पुण्याहून ब्रेकचं अख्खं युनिट आलं, कुठल्याशा भंगारवाल्याकडून असं चाचा म्हणाले. त्यानंतर लाल दिवा कधी लागला नाही. आई पुढची दोन वर्षं त्याच गाडीतून नांदेडला गेली. गेली ती आजारानं गेली, रस्त्यावर नाही, आणि हे मी चाचांचंच देणं मानते.

गेल्या वर्षी नजर अधू झाली म्हणून चाचा गॅरेज बंद करून मुलाकडे निघाले. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा ते टेबलाचा खण रिकामा करत होते. पान्यांखालून एक फडकं निघालं. पिवळं, त्यावर बदकं, कडेला काळ्या चिकटपट्टीचे तुकडे. भाच्याच्या बारशाला मी स्वतः शिवलेल्या दुपट्याचा तो तुकडा होता. माझीच वेडीवाकडी शिलाई मी कुठेही ओळखली असती.

"चाचा, हे भोंग्याला होतं?"

"व्हय. टेप लावून गुंडाळलेलं."

"मग उंदीर का सांगितलात?"

"राखीचं पाकीट सीटवर व्हतं, मॅडम." मग म्हणाले, "पाकिटावरच्या नंबरवर फोन केला मी तुमच्या भावाला. लई बोललो. रडून राहिला व्हता. म्हनला, लेकरू भोंग्याला भ्यायचं म्हनून बांधलं, मंग भुलून गेलो. खरं का खोटं, अल्ला जाने. माझा तर आजबी शक हाय. पन युनिट त्यानंच पाठवलं."

मला रडू आवरलं नाही. चाचा दुसरीकडे बघत पाने पोत्यात भरत राहिले.

भावाला मी अजून काही विचारलेलं नाही. राखी दर वर्षी जाते. गाडी चालू केली की पेडलवरून पाय काढून पेरांवर मोजायची सवय मात्र लागली आहे. परवा तो आला होता. आईच्या वर्षश्राद्धाचं सामान आणायला हिंगोलीला जायचं होतं. म्हणाला, "ताई, किल्ली दे, मी चालवतो." माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी चप्पल दाखव."

का म्हणून त्यानं विचारलं नाही. तो वाकला, चप्पल काढली आणि माझ्या हातात दिली.